घेवरचा आकडा

बाबा, या मंगळवारी वर्गात शिकवता शिकवता माझी साखर उतरली. तुमच्या वेळी असलं काही नव्हतं, म्हणून सांगते: हल्ली रुपयाएवढी एक चकती दंडावर चिकटवतात, ती दर काही मिनिटांनी साखर मोजते आणि आकडा फोनवर दाखवते. बोट टोचायचं काम जवळजवळ संपलं. मी गोपालपुऱ्यात कोचिंगच्या मुलांना केमिस्ट्री शिकवते. फळ्यावर समीकरण लिहीत होते, तर पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मैम, ये लाइन तो आपने अभी लिखी थी." मी फोन पाहिला. एकशे सव्वीस, म्हणजे सगळं ठीक. पुन्हा खडू उचलला. मग ओठांना मुंग्या यायला लागल्या, हात थरथरायला लागला आणि मला एकदम आपलं क्वार्टरमधलं स्वयंपाकघर आठवलं.

मी सातवीत होते. डायबिटीस निघून वर्षही झालं नव्हतं. श्रावणातल्या तीजच्या सणाचे दिवस, शेजारच्या काकूंनी साखरेच्या पाकात बुडवलेला घेवर पाठवलेला. मला खायचा नव्हता, पण कापून द्यायचं काम मी हट्टानं मागून घेतलं होतं, निदान वास तरी मिळेल म्हणून. जेवणाआधी आईनं माझं बोट टोचलं आणि मशीनवर आकडा आला, चारशे अडतीस. आईचा चेहरा पांढरा पडला. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद फ्रिजवर लावलेला होता, इतकी साखर असेल तर इतकं इन्सुलिन जास्त. ती सिरिंज भरते आहे आणि तुम्ही दारात चपला काढता आहात. डेपोतून जेवायला आलात, शर्टाच्या खिशाला ग्रीसचा डाग.

"थांब जरा," तुम्ही म्हणालात.

"थांबू कशी? चारशेच्या वर गेली आहे पोरगी!"

"आकडा गेला आहे. पोरीकडं पाहा ना. सकाळपासून किती पाणी प्यायली? बाथरूमला किती वेळा गेली?"

आईनं सिरिंज हातात तशीच धरून माझ्याकडे पाहिलं. मी रोजच्यासारखीच होते. तुम्ही माझा हात हातात घेऊन बोटांना बोट लावून पाहिलंत. चिकट होतं. "हात धुतले काय?" एवढंच विचारलंत. साबणानं धुवायला लावलेत, स्वतःच्या रुमालानं एकेक बोट कोरडं केलंत आणि दुसऱ्या हाताच्या बोटाला सुई लावलीत. एकशे चार. आईनं भरलेली सिरिंज ओट्यावर ठेवली आणि खाली फरशीवरच बसली. ते इन्सुलिन टोचलं असतं तर मी त्या दुपारी शुद्धीत राहिले नसते, हे मला मोठेपणी कळलं. मशीनवर चिडलेली आई मला आठवते. तुम्ही मात्र म्हणालात, "त्याची काऊन चूक? त्यानं घेवरची साखर मोजली. बरोबरच मोजली."

तुमचं कामच ते होतं. गाड्यांच्या ब्रेकमधल्या हवेचा दाब दाखवणारे गेज तुम्ही आयुष्यभर तपासलेत, एका खात्रीच्या गेजशेजारी लावून. त्या दिवसापासून माझं मशीनही तुमच्या हाताखाली आलं. दर महिन्याला मला लॅबमध्ये न्यायचात. तिथं शिरेतून रक्त काढलं की त्याच मिनिटाला आपल्या मशीनवर बोट टोचायचं आणि दोन्ही आकडे शेजारी लिहायचे. लॅबवाले भैया हसायचे, "बाबूजी, घर की मशीन में थोड़ा फर्क तो आता ही है." तुम्ही शांतपणे म्हणायचात, "कितना आता है, वही देखने आया हूँ." मे महिन्यात मशीनमध्ये रक्ताचा थेंब घेणाऱ्या स्ट्रिपची डबी खिडकीत उन्हात राहिली, तेव्हा अख्खी डबी बाजूला ठेवलीत. नव्या डबीवरचा कोड मशीनमध्ये घालायला विसरले, तर परत घालायला लावलात.

आणि दहावीतली ती सकाळ. वहीत मी आठवडाभर मनानं आकडे लिहिले होते, एकशे दहा, एकशे पंधरा. मैत्रिणींसारखं राहायचं होतं, टोचून घ्यायचा कंटाळा आला होता. तुम्ही डबीतल्या स्ट्रिप मोजल्यात, आठवडाभरात एकही कमी झाली नव्हती. ओरडला नाहीत. "मशीन चुकलं तर मला दुरुस्त करता येते. तूच चुकीचं लिहिशील तर मी काय तपासू?" त्यानंतर महिनाभर रोज सकाळी माझ्याआधी तुम्ही स्वतःच्या बोटाला सुई टोचलीत. तुम्हाला काही झालेलं नव्हतं, स्ट्रिपही लावायचा नाहीत. थेंब पुसून, दुसरी सुई लावून माझ्याकडे द्यायचात. माझ्या बापासारखा शिक्षक मला पुढे कुठल्याच कॉलेजात भेटला नाही. मी सेकंड इयरला असताना तुमचं हृदय थांबलं, आणि हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

मंगळवारी मी फोन पालथा ठेवला, खुर्चीवर बसले, हात पुसले आणि पर्समधल्या मशीनवर बोट टोचलं. एक्कावन्न. मुलांसमोर ज्यूसचं पाकीट फोडून प्यायले. कुणी हसलं नाही, त्या पहिल्या बाकावरच्या मुलीनं पाण्याची बाटली पुढे केली. डॉक्टर म्हणाल्या, दंडावरची चकती, म्हणजे सेन्सर, आदल्या दिवशीच बसवलेला, पहिल्या दिवशी तो असा चुकू शकतो. शिवाय तो रक्तातली नाही, कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजतो, म्हणून साखर वेगानं उतरली की मागे राहतो. मी त्यांना म्हणाले, चूक त्याची नाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? टेबलाच्या खणात राहील. एक मात्र कबूल करते. आईचा नागपूरहून रोज संध्याकाळी फोन येतो, आणि मंगळवारीही तिनं विचारलं, आज साखर किती होती. मी एकशे सव्वीस सांगितली.