नऊ दशांश अंशाची सावली

परभणी,
६ जून १९९२

प्रिय सरजा,

तुझं पत्र येऊन सव्वा महिना झाला. उशिराचं कारण कामाची गडबड नाही. तुला राग येईल असं काही लिहायचं असलं की माझं पेन अडून बसतं, हे तुला कॉलेजपासून ठाऊक आहे.

आधी बरं तेवढं सांगते. तुझ्या दिल्लीच्या मोठ्या संगणकाने सहा-सहा आठवडे गुरगुरत तीन वेळा पुढच्या पन्नास वर्षांचं हवामान काढलं आणि तू तिन्ही वेळचे आकडे मला पाठवलेस. मी ते आलेख-कागदावर मांडले, तर तिन्ही टिंबं एका रेघेत! जग एक अंशाने तापलं की तुझ्या नकाशावरचा आपला मराठवाड्याचा चौकोन सव्वा अंशाने तापतो. चौथ्या वेळी जग किती तापलं एवढंच तू आधी कळवलंस. मी सव्वाने गुणलं, उत्तर पाकिटात घालून चिकटवलं आणि आमच्या यांच्याकडे, दिनकररावांकडे, ठेवायला दिलं. तुझा नकाशा आला तेव्हा त्यांनीच ते पाकीट फोडलं. फरक एका दशांशाचा! तुझ्या यंत्राला दीड महिना लागला, मला वरणाला फोडणी देण्याइतका वेळ. मी मोठ्या दिमाखाने तुला कळवलं, तर तू लिहिलंस, ‘कमे, तुझा पाढा गोड आहे.’

गोड! मला तो शब्द मिरचीसारखा झोंबला. तू सेमिनार गाजवणार आणि मी झरीच्या रस्त्यावरच्या या एवढ्याशा हवामान केंद्रात सकाळी सात अन् दुपारी दोनला पारा वाचत बसणार. होतो तर दोघी एकाच बाकावरच्या. मी तुझ्यावर जळते, सरजा. आजची नाही, अठ्ठ्याहत्तर सालापासून.

त्या वर्षी नामांतराच्या दंगलीत तुमची वस्ती पेटवली. तुझे वडील तात्याराव तुला घेऊन अंगावरच्या कपड्यांनिशी शहरात आले. पुस्तकं जळाली म्हणून तू माझ्या वह्या उतरून घेतल्यास आणि त्याच वह्यांवर माझ्यापेक्षा अकरा गुण जास्त मिळवलेस. पुढे एम.एस्सी.ची जागाही तुलाच मिळाली. तेव्हा आमचे व्यंकटकाका ओसरीवर बसून म्हणाले होते, “तिला काय, राखीव जागा हाय. आपल्या कमलचं लय वाईट झालं.” यादी मी स्वतः पाहिली होती. तुझं नाव खुल्या यादीत होतं, माझ्या वर. तरी मी गप्प बसले. खोटं आहे हे कळत होतं, पण ऐकायला बरं वाटत होतं.

हिवाळ्यात तू आमच्या केंद्राच्या पंचवीस वर्षांच्या मे महिन्याच्या नोंदी मागितल्यास, तुझा मागच्या वर्षांचा हिशेब खऱ्याशी ताडून पाहायला. मी सुवाच्य अक्षरात उतरून पाठवल्या. तुझं यंत्र म्हणत होतं, गेल्या दहा वर्षांत परभणी तापली. माझं रजिस्टर म्हणत होतं, मुळीच नाही. मग तुझं हे एप्रिलचं पत्र आलं. नोंदींशी जुळत नाहीत म्हणून साहेब आकडे खाली ओढायला सांगताहेत, नाहीतर वीस जूनच्या सेमिनारातून तुझं नाव काढणार, चार वर्षं पाण्यात गेली, असं तू लिहिलंस. मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चहा घेऊन वाचलं, आणि चहा गोड लागला. कप विसळताना मात्र ध्यानात आलं की माझी रेघ तुझ्याच टिंबांवरून ओढलेली आहे. तुझं खोटं ठरलं तर माझा पाढाही खोटाच. हसूही आलं आणि स्वतःची किळसही आली.

आता जे सांगायचं ते. आमच्या तापमापकांच्या पेटीच्या पश्चिमेला, कुंपणाशी, एक कडुलिंब आहे. माझ्याबरोबर पारा वाचणारे लिंबाजी चार वर्षांपूर्वीच म्हणाले होते, “बाई, लिंब लय वाढलाय. दुपारची पेटीवर सावली पडायलीय, पारा कमी दाखवायलाय.” मी तसा शेरा रजिस्टरात लिहिलाही होता. तुझ्यासाठी नोंदी उतरताना शेऱ्याचा रकाना तेवढा मी गाळला. विसरून नाही. तुझं पत्र वाचल्यावर चार दिवसांनी, एक मेला, लिंबाजींनी आणि मी उघड्या रानात दुसरी पेटी उभी केली आणि एकतीस दिवस दोन्ही पारे वाचले. सावलीतला सरासरी नऊ दशांश अंशाने कमी भरला. तो कागद शेऱ्यासकट जोडला आहे. तार केली असती, पण एवढी लाज तारेत मावत नाही. तुझं यंत्र बरोबर आहे, आकडे खाली ओढू नकोस. खुल्या यादीचं काल व्यंकटकाकांना सांगून आले, तेरा वर्षांनी. सेमिनारात माझा पाढा दाखवलास तर त्यावर नाव माझं एकटीचं घाल, एवढी जळकी मी अजून आहे. आणि सावलीची गोष्ट कुणी लपवली असं कुणी विचारलं, तर तिथेही माझंच घाल.

तुझीच,
कमल