सोंडेवरचं घर

४ मे
ऑफिसात माझ्या हाताखाली होता त्या विन्याचा व्हॉट्सअ‍ॅप. दोन वर्षांनी. रामटेक रोडला टेकडीवर प्लॉट घेतलाय म्हणे. उंचीच्या रेषांच्या कंटूर नकाशाचा फोटो, त्यावर लाल पेनाने घराचा चौकोन. खाली लिहिलंय, "ताई, सोंडेवर घर बांधतो आता. बाबांले तिथंच ठेवतो. आशीर्वाद द्या."
आशीर्वाद! दिला नाही. निळ्या खुणा मात्र दिसू दिल्या.

५ मे
फोटो मोठा करून पाहिला. बावीस वर्षं नकाशे काढले, सवय जात नाही.
चौकोन सोंडेवर नाहीच. रेषांची टोकं माथ्याकडे वळलेली. खाली वळली तर सोंड, म्हणजे टेकडीचा उंच दांडा; माथ्याकडे वळली तर नाला. कोपऱ्यात माथ्याची उंची लिहिलीय, ती त्याने पाहिली नसणार. उतार मंद, त्यात झुडपं माजलेली, पायाने चालून कळायचं नाही. पावसाळ्यात अख्ख्या टेकडीचं पाणी ह्याच्या बैठकीतून जाईल.
दोनदा तपासलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं. रात्री पुरणपोळी केली. हे म्हणाले, "आज काय आहे वं?" म्हटलं, काही नाही.

७ मे
ह्यांना सांगितलं शेवटी.
"सांगून दे नं त्याले. म्हातारा माणूस राहणार आहे तिथं."
म्हातारा आहे, कबूल. अन् माझं? दोन वर्षांपूर्वी रस्त्याची लेव्हल घेताना मशीनची जागा बदलली, तिची नवी उंची धरायला विन्या विसरला. रस्ता हातभर खाली गेला. तपासणीची सही माझी, कारण "ताई, घाई आहे, करून द्या नं" म्हणत त्यानेच घेतली, आणि मी न बघता दिली. आपल्या माणसाचं कोण तपासतं? साहेबांपुढे काय म्हणाला, तर "ताईले आता बारीक दिसत नाही." मी समोर उभी होते. त्याच महिन्यात नोकरी गेली, घरी बसले. आता इथे महाल भागात भूगोलाच्या शिकवण्या.
बारीक दिसतं रे बाबा. चांगलंच दिसतं.
नाही सांगणार.

१० मे
एकच कळत नव्हतं. विन्या हरामखोर आहे, पण ढ नाही. नाल्याला सोंड कशी समजला?
आज शिकवणीत कळलं. बटाट्याच्या चकत्या कापून मुलींना टेकडी दाखवत होते. फळ्यावर लिहिलं, "रेषेवरच्या आकड्याचं डोकं नेहमी चढाकडे." आणि खडू थांबला.
हाताने काढायचो तेव्हा तसंच लिहायचो. कॉम्प्युटर तसं पाळत नाही, कागद सरळ तर आकडा सरळ. विन्याच्या फोटोत प्लॉटजवळ एकच आकडा आहे, त्याचं डोकं उताराकडे. त्याने तोच चढ धरला. उलटा वाचला सगळा नकाशा.
हा नियम त्याला मीच शिकवला. चुकला की बोटांवर पट्टी मारायचे.
बाकी सगळं विसरला मेला, एवढंच कसं लक्षात ठेवलं? मुलींना लवकर सोडलं. डोकं दुखतंय.

१२ मे
केला फोन. सांगून टाकायचं आणि मोकळं व्हायचं, असं ठरवूनच.
"बोला ताई! मले माहीत होतं तुमी फोन करसान."
म्हटलं, एक सांगायचं होतं.
"राहू द्या ना ताई जुनं. चूक होते माणसाच्या हातून. मी तर कधीचंच सोडून दिलं, तुमीबी सोडा."
चूक. माझी. आणि ह्याने मला माफ केलं! अंगाची नुसती आग झाली.
मागून त्याचे बाबा विचारत होते, "कोण आहे गा?"
"ताई आहे बाबा, ऑफिसातली. आपल्या घराचा नकाशा पाह्यला तिनं."
"मंग काही काळजी नाही," म्हातारा म्हणाला.
मी फोन ठेवला.
सोमवारी जेसीबी येणार, पाया खोदणार. आज शुक्रवार. हे दारातून विचारून गेले, "सांगितलं का वं?" मी म्हटलं, ताट घेते, हात धुवा.