भवानीच्या आधीचा फोटो

नाशिक रोड
९ जानेवारी २००५

ती. महेशदादास,
शुभांगीचा शि. सा. नमस्कार.

…आणि वाल्मीकरावांनी भिंग टेबलावर ठेवलं. फोटो झकास आहे म्हणाले, पण ही बाई नवसाबाईच कशावरून?

नदीकाठच्या फुलबाजारात पक्के ओटे बांधलेत. वाल्मीकराव तिथल्या फुलविक्रेता मंडळाचे अध्यक्ष. वाटप त्यांच्याकडे. पंच्याण्णवच्या आधीपासून बसणाऱ्यालाच ओटा मिळणार. नवसाबाई मखमलाबादहून झेंडू-शेवंती आणते. तिच्या जुन्या पावत्या पुराच्या पाण्यात गेल्या. मी तिला म्हटलं, काळजी करू नका, माझ्याकडे फोटो आहेत. तू दिलेला कॅमेरा घेऊन मी त्र्याण्णवपासून रविवारी पहाटे तिथे उभी असते. फार ऐटीत सांगितलं मी.

घरी येऊन निगेटिव्ह खिडकीशी धरून पाहिल्या. रांगेतल्या सगळ्यांचे चेहरे आहेत, नवसाबाईचा नाही. जिथे ती आहे तिथे पदर ओढलेला. भवानी व्हायच्या आधी ती फोटोला तोंड देत नाही. पहिली विक्री होईपर्यंत टोपलीतलं काही फुकट जाऊ द्यायचं नाही, तोंडसुद्धा नाही, हा तिच्या सासूचा, अक्काबाईचा नियम. आणि भवानी होईपर्यंत मी तेव्हा थांबतच नसे. ह्यांची प्रेसमधली सातची पाळी, डबा. द्वारका चौकात बस बदलून धावत घरी. आता डिजिटल कॅमेऱ्यात तिचे हसरे फोटो ढीगभर आहेत, पण ते गेल्या दोन वर्षांतले. त्यांचा उपयोग नाही.

त्यात शेजारी बसणारा धोंडीराम. त्याला एक ओटा मिळालाय आणि मुलगे दोन, म्हणून दुसरा हवाय. तो मंडळात म्हणाला की फोटोतली पदरवाली म्हणजे त्याची बायको कुसाबाई. कुसाबाई वारली. तिला कोण विचारणार?

महिनाअखेर याद्या लागतील. नवसाबाईची जागा माझ्या शब्दावर अडलीय, आणि शब्द मी आधीच देऊन बसले.

आईला नमस्कार. तुझी माया कांद्याच्या भावासारखी वरखाली होऊ देऊ नकोस.

शुभांगी


सटाणा
१३ जानेवारी

चि. सौ. शुभांगीस,
महेशदादाचे पोटभर आशीर्वाद.

पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, येडी शे, पण त्या बाईचं काम सोडू नको म्हणावं. इथे थंडी कडक आहे. मार्केटात लाल कांदा बरा चालला आहे. मागे लिहिलं होतं ते कमरेचं दुखणं माझं, आईचं नाही. ती माझ्याहून टणक आहे.

त्या कॅमेऱ्याचं मला हसू आलं. काकाच्या लग्नात मी सगळ्यांची मुंडकी कापणारे फोटो काढले म्हणून तो तुझ्या गळ्यात घातला. तुझ्याकडे येऊन तो तोंड झाकलेल्या बाईचे फोटो काढत बसला. त्याचा स्वभावच असावा.

आता कामाचं. धोंडीराम खरं बोलत नसेल कशावरून, हे मी विचारून ठेवतो. तुला राग आला तरी चालेल. ती नवसाबाईच अशी तुझी खात्री असेल, तर उपाय सोपा आहे. इथल्या स्टुडिओतला राज कॉम्प्युटरवर फोटो जोडतो. गेल्या महिन्यात त्याने एका वारलेल्या आजोबांना नातवाच्या बारशात बसवलं. तुझ्या डिजिटलमधला नवसाबाईचा चेहरा काढून तो जुन्या फोटोत बसवेल. अर्ध्या दिवसाचं काम, कोणाला कळणार नाही. जागा तिचीच, चेहरा तिचाच. मग खोटं ते काय राहिलं?

दोन्ही फोटो पाठव. राग आणि लोभ दोन्ही टपालाने पोचवावेत.

महेशदादा


नाशिक रोड
१८ जानेवारी

ती. दादास,
सा. नमस्कार.

फोटो पाठवत नाही. राजला सांग, काम बारशाचंच बरं.

दोन रात्री विचार केला, तेव्हा मोह झाला नाही असं म्हणत नाही. पण त्या फोटोत मी एक चेहरा चिकटवला की बाकीचे सगळे खोटे होतात. बारा वर्षांत मी दुसरं काही केलेलं नाही. समोर होतं तेवढं घेतलं. ते मोडलं तर माझ्याकडे कपाटभर कागद उरतो.

नवसाबाईकडे गेले होते. सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, फोटोवालीबाई, सासूचं मोडलं असतं तर ओटा भेटला असता असं म्हणता व्हय? मग नाय भेटला तरी चालंल. एवढं बोलून शेवंती मोजायला लागली. मी एकदा तिची भवानी व्हावी म्हणून स्वतःच हार घ्यायला गेले होते. तेव्हाही तिने टोपली झाकली. तुमी फोटोसाठी घेता, देवासाठी नाय, म्हणाली.

तुझ्या शंकेचा राग आला नाही. माझी खात्री हा पुरावा नाही, हे वाल्मीकरावांचंही म्हणणं आहे. म्हणून मी त्यांना म्हटलं की फोटो टेबलावर बघू नका, बाजारात येऊन बघा, पहाटे, मी कॅमेरा घेऊन उभी असते तेव्हा. त्यांनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा मी त्यांच्या जिन्यात बसून राहिले. त्यांची बायको तृप्ती चहा घेऊन आली आणि आतल्या दिशेने मोठ्याने म्हणाली, जा एकदाचे, नाहीतर ही बाई इथेच राहायला येईल. रविवारी येतो म्हणाले.

आईचं स्वेटर पूर्ण झालं. लोभात एक टाका कमी पडू देऊ नये.

शुभांगी


सटाणा
२० जानेवारी

चि. शुभांगीस, आशीर्वाद.

घाईत लिहितो. नवसाबाईला आधी सांगून ठेव. अध्यक्ष समोर बघून ती बुजली आणि नेमका त्याच दिवशी चेहरा उघडा ठेवला तर तुझं सगळं पाण्यात जाईल. तिला म्हणावं, नेहमीसारखा पदर ओढ. एवढ्याने काही बिघडत नाही.

आई म्हणते, थंडीत कान बांधून जा. मीही तेच म्हणतो.

महेशदादा


नाशिक रोड
२२ जानेवारी, संध्याकाळ

ती. दादास,
सा. नमस्कार.

पत्र आजच मिळालं. सांगणार नाही.

सांगितलं तर ती माझ्यासाठी पदर ओढेल. मग राजच्या कॉम्प्युटरात आणि माझ्यात फरक काय? उद्या तिने तोंड उघडं ठेवलं तर ठेवलं. ओटा जाईल, आणि तिच्यासमोर जाऊन तसं सांगायचं कामही माझंच.

डिजिटल घरी ठेवणार आहे. जुना कॅमेरा पुसला. काळा-पांढरा रोल मिळवायला तीन दुकानं फिरले. एकाने विचारलं, म्युझियम काढताय का. त्र्याण्णवचा फोटो हातभर मोठा करून घेतला आहे. हे म्हणाले, एवढी खटपट माझ्या बढतीसाठी केली असतीस तर. मग स्वतःच म्हणाले की सकाळी स्कूटरवर सोडतो.

पत्र उद्या परत आल्यावर पेटीत टाकीन. दोन ओळी जोडेन. त्या कशाही असल्या तरी तुझी माया तीच असू दे.

शुभांगी

ता. क. रविवार सकाळ. अंधार होता तेव्हाच पोचलो. वाल्मीकराव मफलर गुंडाळून माझ्या मागे उभे राहिले. मी कॅमेरा उचलला. नवसाबाईने पदर ओढला. धोंडीराम झारीने फुलांवर पाणी मारत होता. तो मान वर न करताच ओरडला, झाकलं का नवसाबाय? सासू मेली पण फोटोवालीला तोंड नाय ते नायच! बाकीच्या हसल्या. ती नेहमीचीच थट्टा असावी, मी कधी लक्ष दिलं नव्हतं. वाल्मीकरावांनी पुढे होऊन विचारलं, कधीपासून झाकते रे ही? लय वर्षं, म्हणाला, ही फोटोवाली पहिल्यांदा आली तवापासून. मग त्याने वर पाहिलं. झारी तशीच राहिली.

वाल्मीकरावांनी मोठा फोटो एकदा पाहिला आणि ओटा नवसाबाईच्या नावावर लिहून घेतला. आता तरी चेहरा बघू द्या, म्हणाले. तिने पदर सोडला नाही.