नागपूरकराला वीज कशाला?

१ जानेवारी २०१८, शॅनन, आयर्लंड

या वर्षी संकल्प एकच. डाएट, योगासनं वगैरे भानगड नाही. जुलैत भार्गवीला अमेरिकेतल्या युटाच्या कॅन्यन दाखवायच्या, तेही आरव्ही भाड्याने घेऊन. म्हणजे चालतंफिरतं घर. मागे पलंग, ओटा, संडास आणि पुढे ड्रायव्हर मी, गिरीश.

जूनमध्ये तिची लीव्हिंग सर्ट, म्हणजे इथली बारावी. सप्टेंबरात कॉलेज, बहुतेक डब्लिनला. एकदा पोरगी होस्टेलवर गेली की तिघांची ट्रिप विसरा. तीन वर्षं मागे लागली आहे. बाकी कधी काही मागितलं नाही तिने. (लॅपटॉप सोडून.)

उल्का म्हणाली, कॅम्पग्राउंडचं बुकिंग आधी कर, चांगल्या जागा भराभर जातात. मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे. हे मला बायकोने सांगायचं! नुसता हसलो.

६ जानेवारी

एक्सेल शीट तयार. 'माणसं' या कॉलममध्ये तीन टाकलं की तीन पलंग, तीन पलंग म्हणजे तीस फुटी गाडी. गाडी साइटवर मावली तर ओळ हिरवी, नाहीतर लाल. कॅन्यनच्या कड्यावरच्या साइट्स जुन्या, छोट्या. त्यामुळे सध्या जवळजवळ सगळं लाल. पण शीट काय मस्त चालून राहिलं आहे!

१३ जानेवारी

एक ओळ हिरवी. प्रायव्हेट आरव्ही पार्क, कड्यापासून थोडा लांब, पण फुल हुकअप. म्हणजे वीज, पाणी आणि नको ते वाहून नेणारा पाइप. उल्का म्हणाली, घेऊन टाक. भार्गवी म्हणाली, बुक इट डॅड, इट्स ग्रँड. या देशात चहा ग्रँड, पाऊस ग्रँड, पाय मोडला तरी ग्रँड. असल्या शिफारशीवर मी निर्णय घेत नाही.

नाकारली. वीज कशाला, तर एसीला. नागपूरच्या माणसाला एसी! मे महिन्यात भर दुपारी, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून क्रिकेट खेळलोय आम्ही. उल्का पुण्याची आहे, तिचा दोष नाही.

२० जानेवारी

ती हुकअपवाली साइट गेली. बरंच झालं. मोह गेला.

३ मार्च

बर्फाचं वादळ. सगळं बंद. दुकानात ब्रेडचा तुकडा नाही. शीटसाठी इतका निवांत वेळ कधीच मिळाला नव्हता. नवे कॉलम: सावली, शेजाऱ्यांचा जनरेटर, कुत्री.

कॉलेजचा मित्र दिलीप अ‍ॅरिझोनात असतो, त्याला फोन लावला. तो म्हणाला, जुलैत वीज नसलेल्या साइटवर बायको-पोरीला नेऊ नकोस, मी इथे राहतो, माझं ऐक. दिलीप मूळचा नाशिकचा. थंड हवेच्या माणसाला उन्हातलं काय कळणार? त्याचं मत धरलं नाही.

हे लिहिताना पायात दोन जोड मोजे, हीटर फुल. बोटं वाकत नाहीत.

२१ एप्रिल

आज जवळजवळ जमलंच होतं. कॅन्सलेशन आलं. थेट कड्यावर, खाली नदी, आणि तीस फूट मावतात! साइट कार्टमध्ये घेतली आणि भार्गवीला हाक मारली. अभ्यास टाकून आली. माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून फोटो बघत राहिली, लहान असताना टेकवायची तशी. इथे नाश्ता करायचा डॅड, म्हणाली.

पैसे भरायच्या आधी म्हटलं एकदा रिव्ह्यू बघू. कुणीतरी मुंग्यांबद्दल लिहिलं होतं. शीटमध्ये मुंग्यांचा कॉलमच नव्हता. तो घालेपर्यंत कार्टची मुदत संपली. साइट दुसऱ्या कुणीतरी उचलली.

भार्गवीने खांद्यावरची हनुवटी उचलली. अभ्यासाला गेली. कॅन्सलेशन येतच असतात.

२७ मे

क्रांतिकारी निर्णय. बुकिंगच नको! काही साइट्स आधी येईल त्याला मिळतात. पहाटे जाऊन नंबर लावायचा. आपण रॉकेलच्या रांगेत उभं राहून मोठे झालो, अमेरिकन माणूस काय टिकणार आपल्यापुढे?

उल्काने विचारलं, आणि विमानाची तिकिटं? मी म्हटलं, साइट ठरल्याशिवाय तिकिटं काढणं म्हणजे मुलगी बघायच्या आधी कार्यालय ठरवणं. तिने प्रेसचं, म्हणजे ओट्यावरच्या कपाटाचं, दार जरा जोरात लावलं. बिजागरी ढिली झाली आहे. माझ्याकडेच येणार ते काम.

२८ जून, दुपार

शॅननला बत्तीस डिग्री! देश हवालदिल. शेजारची नोरीन टबात पाय सोडून बसली आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते आहे की हे काही खरं नाही. हसू येतं बाप्पा.

ही संधी सोडायची नाही. भार्गवीचे पेपर संपले, अजूनही जाता येईल, फक्त उल्काला पटवायचं. बिनविजेच्या आरव्हीची रंगीत तालीम आत्ताच. आपली गाडी दारात उन्हात उभी आहे. खिडक्या बंद, कारण वाळवंटात धूळ येणार. खिशात कांदा. आत बसून पुस्तक वाचायचं आणि तासाभराने हसतमुखाने बाहेर यायचं. दोघींना सांगितलेलं नाही. सरप्राइज.

२८ जून, संध्याकाळ

स्वयंपाकघरात फरशीवर पडून लिहितो आहे. डोक्यावर फ्रोजन मटारची पिशवी.

नोरीनने काच वाजवली तेव्हा मी तिला हात केला होता. ती म्हणते, केला नव्हता. तिनेच दार उघडलं आणि उल्काला ओरडून बोलावलं. उल्का डॉक्टर असल्याने प्रकरण घरच्या घरी निभावलं. नोरीनने जाताना विचारलं, युअर मॅनच्या खिशात कांदा कशाला? उल्काने सांगितलं, घराण्याची परंपरा.

भार्गवी पाणी पाजत होती. ग्लास माझ्या दातांवर वाजत होता. मी म्हटलं, अगं, कांदा आयरिश होता ना, म्हणून. तिला रडूच फुटलं. मला फार वाईट वाटलं.

उल्काचा निकाल: वाळवंट रद्द. अपील नाही.

१४ जुलै, बरन

घरापासून तासाभरावरचं खडकाळ पठार. भार्गवीने एक फोन केला. शीट नाही, रिव्ह्यू नाही. पलीकडचा माणूस म्हणाला, या, जागा आहे. झालं बुकिंग! ही काय पद्धत झाली?

भाड्याची लहानशी कॅम्परव्हॅन. दोघांना झोपायची, पण तिघं कोंबलो. नेमका आजच पाऊस. मी कानटोपी घालून रजईत. वीज आहे. हीटर लावला आहे. यावर कुणी टोमणा मारला नाही, हे विशेष.

भार्गवीने बाहेरचा चुनखडीचा दगड कसा झिजला ते हातवारे करून सांगितलं. उल्काने पोहे केले. एका बाकावर तिघं दाटीने बसून खाल्ले. बाहेर बघितलं तर धुकं, दुसरं काही नाही. पण खूप बरं वाटलं. खरंच खूप.

(मुंग्या होत्या.)

२० ऑगस्ट

भार्गवीला डब्लिनची ऑफर आली. जिऑलॉजी! मी बर्फी वाटताना जाहीर केलं, पुढच्या जुलैत कॅन्यन नक्की, जानेवारीतच बुकिंग.

भार्गवी जरा चाचरली. मग म्हणाली, पुढच्या उन्हाळ्यात मैत्रिणींबरोबर जे-वनवर जायचं ठरतंय. इथली कॉलेजची पोरं त्या व्हिसावर उन्हाळाभर अमेरिकेत काम करतात. शेवटी कॅन्यनही बघणार, तंबूत राहून. साइट कुठली? तिथे गेल्यावर बघू. वीज? नो आयडिया, डॅड.

शीट पाठवू का विचारलं. पाठव म्हणाली. गुणी आहे पोरगी.

९ सप्टेंबर

तिला डब्लिनला सोडून आलो. मागच्या सीटवर तिचं जॅकेट राहिलंय.

घरी काही सुचेना म्हणून शीट उघडलं. उल्का चहा घेऊन शेजारी बसली आणि म्हणाली, पुढच्या वर्षी आपण दोघंच जाऊ की.

बरोबर आहे तिचं. 'माणसं'मध्ये तीन खोडून दोन टाकलं. दोन माणसं, लहान गाडी. वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळी हिरव्या झाल्या. कड्यावरच्या, नदीकाठच्या, सावलीच्या, सगळ्याच. उल्का म्हणाली, बघ, आता कुठलीही घे.

मी परत तीन टाकलं. सगळं लाल झालं. शीटमध्ये काहीतरी चूक असणार, नंतर तपासतो.