आर्याची अंघोळ

सोमवार, १४ जानेवारी २००२
संक्रांत. तिळगूळ राहिलाच. सकाळी विनिताने आर्याला माझ्या हातात आणून दिलं. "आई, अंघोळ तुम्हीच घाला. माझ्या हातून पाण्यात निसटेल." दिवसभरात सून बोलली ती एवढंच. बाळ चार महिन्यांचं झालं, आणि ही भिंतीकडे तोंड करून पडलेली. शेजारच्या लतिकाबाई म्हणतात, दृष्ट काढा. दृष्ट! बी.ए.ला मानसशास्त्र होतं मला. डॉक्टर गाठायचा.

बुधवार, १६ जानेवारी
बोरिवलीचे मानसोपचारतज्ज्ञ. दहा मिनिटं. ते विचारत होते विनिताला, उत्तरं मी दिली — नाहीतर तिथेच संध्याकाळ झाली असती. बाळंतपणानंतर असा आजार होतो, बरा होतो म्हणाले. आर्या अंगावर पिते हे विचारून घेऊन गोळ्या दिल्या. "गोळ्या मी बघतो. बोलायला मात्र पापडीला सेलिन मॅडमकडे जा." त्या डॉक्टर नाहीत, मानसशास्त्रज्ञ. औषध देत नाहीत, नुसतं बोलतात! मग बोलायला आम्ही घरात काय कमी आहोत?

रविवार, २० जानेवारी
व्हॅलेरियन आला. माझा जुना विद्यार्थी, आता विमा एजंट. पॉलिसी उलटीसुलटी करून म्हणाला, "बाई, मनाच्या आजाराला यात काहीच मिळत नाही. डॉक्टर असो नाहीतर मॅडम. अशक्तपणा लिहून घ्या, दोन दिवस ॲडमिट करा — क्लेम पास!"
"कॉपी करताना तुला बाकावर उभं केलं होतं. आठवतं?"
"आठवतं ना बाई. तेव्हाच ठरवलं, एजंट व्हायचं!"
हसले नाही. पण माझ्या मुलाला, परेशला पटलं. "आई, किती महिने चालेल कोण जाणे. लिहून घेऊ ना."

सोमवार, २१ जानेवारी
रात्रभर खोटेपणाचा विचार केला आणि सकाळी विनिताची हॉस्पिटलची पिशवी भरायला घेतली! स्वतःची लाज वाटली, तरी भरत होते. विनिता दारात उभी. "मला अशक्तपणा नाही. मला भीती वाटते. लिहायचं तर तेच लिहा." पिशवी रिकामी केली. विमा गेला खड्ड्यात.

गुरुवार, २४ जानेवारी
पापडी. सेलिन मॅडम माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. मी विनिताबरोबर आत निघाले, तर म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा." मला! जन्मभर मी पोरांना वर्गाबाहेर काढलं!
बसले. उठले. खिडकीतून चर्चचं आवार बघितलं, परत बसले. आतून आवाज येत होता — विनिताचा! शब्द काही कळेनात. रिक्षात विचारलं, "काय बोललीस?"
"ते आतलं, आई."

शनिवार, २ फेब्रुवारी
परत बाहेर. आत विनिता मोठ्याने रडली. मॅडमनी दार उघडलं नाही. मीही ठोठावलं नाही. कसं बसले, माझं मला माहीत.

रविवार, १७ मार्च
पाणी काढून आर्याला घ्यायला गेले. विनिताने तिला आधीच उचललं होतं. "मी घालते अंघोळ. तुम्ही बाहेर बसा, आई." आणि दार लोटलं.
तांब्याचा आवाज. मग आर्या किंचाळली. उठले, कडीला हात लावला —
परत येऊन बसले.