नामदेव जिवंत आहे

९ जाने., भिंगार
आमच्या मोबाईलवरच्या वेबमालिकेतला सरपंच मारायचा, असं ठरलं. सरपंच म्हणजे आमचा नामदेव, पाथर्डीकडचा. माझं म्हणणं जुनंच. हसवलं तर लोक बोटानं पुढे ढकलतात, रडवलं तर दहा जणांना पाठवतात. हा धंदा असाच चालतो. नामदेव म्हणाला, "मारा की. पर हार झेंडूचा नको, खाज सुटती."

१४ जाने.
संक्रांत. भाग टाकला. सोबत चौकातल्या फ्लेक्ससारखं कार्ड : नामदेवचा हार घातलेला फोटो, 'कै. नामदेव, भावपूर्ण श्रद्धांजली'. आमच्याकडे पात्रांना नटांचीच खरी नावं. खरं वाटावं म्हणून. माझीच आयडिया.
दुपारपर्यंत सुसाट.

१५ जाने.
लिहवत नाही.
कांता, नामदेवची बायको, भावाबरोबर ऊसतोडीला सांगलीकडे आहे. काल कोणीतरी कार्ड तिथं कोप्यांवर, तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपड्यांवर, पाठवलं. मालिकेचं नाव नाही, काही नाही, नुसतं कार्ड. ती फोन लावत राहिली. नामदेवचा मोबाईल माझ्या ड्रॉवरमध्ये. शूटिंगला सगळ्यांचे मोबाईल जमा, हाही माझाच नियम. संध्याकाळी त्यानं फोन घेतला तोवर बायांनी तिच्या बांगड्या फोडल्या होत्या, कुंकू पुसलं होतं.
ऐन संक्रांतीला.
नामदेव ओट्यावर बसून फोनवर एकच म्हणत होता, "अगं मी बोलतोय ना. मीच बोलतोय."

१६ जाने.
नामदेव म्हणाला, काढून टाका. मी म्हणालो, तीन दिवस थांब, भाग अजून चढतोय.
बोलून गेलो. त्यानं पिशवी भरली आणि सांगलीची एसटी धरली. आठ वर्षांची दोस्ती, आणि मी त्याला अजून चढतोय म्हणालो. लाज वाटते.

१९ जाने.
काढला. उशीर झाला. कार्ड आता शंभर ठिकाणी आहे, कोणी त्याला सनई लावलीय, कोणी मेणबत्ती. काढला म्हणजे निघाला असं या धंद्यात नसतं. हे मला दुसऱ्यांना शिकवायला छान जमतं.

२ फेब्रु.
कोप्यांवर गेलो. नामदेव फडात, हातात कोयता. मला बघून मान हलवली, इतकंच. कांतानं पाणी दिलं. हातात नव्या बांगड्या. म्हणाली, "तुमी काढलं म्हनं भाऊ. पर दर दोन दिसाला कुनीतरी भेटाया येतंय. येऊन रडत्यात. काल माझी मावशी आली, चार गाड्या बदलून. ह्यांनीच तिला पानी दिलं. मी किती जनांना सांगू?"
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
मग म्हणाली, "तुमचं समदे बघत्यात. ह्यो जित्ता हाय, असा एक टाका."

३ फेब्रु.
तिथंच शूट केलं. बैलगाडीशेजारी दोघं उभे. संगीत नाही, कापाकापी नाही. नामदेव म्हणाला, "मी नामदेव. मी जिवंत हाय. ते नाटक हुतं." कांताला बोल म्हटलं तर नुसतं त्याच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत याहून चांगलं काही माझ्या कॅमेऱ्यात आलं नाही.
संध्याकाळी टाकला.

५ फेब्रु.
कोणी बघत नाही. व्हिडिओचं नाव बदललं, वरचं चित्र बदललं, जाहिरात लावली. लोक दोन सेकंद थांबतात, माणूस जिवंत आहे कळलं की पुढे जातात. खाली एकानं लिहिलंय, 'मेला तोच भाग भारी होता.'

७ फेब्रु.
कांताचा फोन. पहिल्यांदाच स्वतःहून. मागे उसाच्या गाड्यांचा आवाज.
"भाऊ, पोचला का समद्यांना?"
पोचतोय, म्हणालो.
"मग आज पुन्हा कशी दोघं आली रडत?"