मातीला वाकताना

नाशिक, जानेवारी १९४१

प्रिय अनंता,

पेन्सिलीने लिहितोय, कारण शाई आमच्या कंपनीच्या माकडाने सांडली. ते माकड म्हणजे वेगळंच प्रकरण आहे, पण राहू दे.

कुस्तीत नाव झालं का, असं विचारलं होतंस. झालं. तू मागे लिहिलंस ना, जहरी जंगूचं नाव निघालं की माझे बाबा थुंकतात? तो जंगू मीच. ही आपल्या तालमीतली कुस्ती नव्हे रे, तिकिटाचा खेळ. कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं. मी रोज हरतो, पण त्याआधी एक पाप करतो. आखाड्याच्या हौदात उतरून मातीला नमस्कार करायला वाकतो, लोक गप्प होतात, आणि उठताना मूठभर माती समोरच्याच्या डोळ्यांत. मग शिव्या, चपला. एकदा तर अख्खा नारळ आला.

पहिल्यांदा मस्करीत केलं होतं. लोक इतके चवताळले की म्यानेजरने तेच कायम केलं. वैतागून एकदा धुळ्याला सरळ लढलो, तर मैदान ओरडतंय, "अरे, डोळे मीट!" आणि जोडीदार खरंच डोळे मिटून लढला. परवा खर्डी स्टेशनात चहा पीत होतो, तर एक म्हातारी सुनेला म्हणाली, "पोराला मागं घे गो बाय, ह्यो त्यो मातीवाला!" मी हसलो, तर ती आणखीच घाबरली. वाटलं, तसंच घरी किन्हवलीला यावं. पण कुठल्या तोंडाने?

तालमीत बाबा माती चाळायचे, ताक-तेल-हळद घालून मळायचे, आणि आपल्याला दटावायचे, "वाकलास का मनापासून वाक रे. नाय तर वाकू नको." तू मागे उभा राहून नक्कल करायचास, मार मात्र मला.

आता ऐक. माघी पुनवेला आमचा खेळ मुरबाडला आहे, आणि हौद करायला बाबांनाच बोलावलंय. त्यांच्या हातची माती मी कुणाच्या डोळ्यांत फेकणार नाही. कंपनी हाकलेल, तर हाकलू दे. पण त्या मातीत न वाकता उतरणंही मला जमायचं नाही. आणि वाकलो की सगळं मैदान चपला काढणार. बाबा मला ओळखतील आणि मान फिरवतील. माझं खरं वाकणं आणि खोटं वाकणं लांबून सारखंच दिसतं रे. म्हणून हे पत्र. त्यांना आधी काही सांगू नकोस, नाही तर हौद अर्धा टाकून निघून जातील. फक्त त्यांच्या शेजारी बस. मी वाकलो की त्यांचा हात धर आणि म्हण, महिपतबाबा, जाऊ नका, पोराच्या मुठी बघा. दोन्ही उघड्या असतील.

अजून तुझाच,
चंदर